व्यसन सुटल्यानंतरचा महिना : ओपिऑइड द्रव्ये, ओव्हरडोस आणि मोहल्ल्यातील साधने

आपल्या समाजात व्यसनाचा विषय निघाला की चर्चा दारूवर सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. ज्या घरात दारू येत नाही ते घर व्यसनापासून सुरक्षित, असे आपण मानून चालतो. हा समज निदान गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या अनुभवाला धरून नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या कॅप्सूलला वास येत नाही, खोकल्याच्या औषधाची बाटली दप्तरात सहज मावते आणि गर्द ओढणाऱ्याचे पाऊल दारू पिणाऱ्यासारखे अडखळत नाही. म्हणून घरच्यांना कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या 'एम्स'मधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकडून देशव्यापी पाहणी करवून घेतली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे २ कोटी २६ लाख भारतीय कोणत्या ना कोणत्या ओपिऑइड द्रव्याचे सेवन करीत होते. त्यांपैकी सुमारे ७७ लाख लोकांचे सेवन आजार म्हणावे अशा पातळीला पोचले होते. यांतील निम्म्याहून अधिक लोक ज्या मोजक्या राज्यांत आढळले त्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली, राजस्थान यांच्याबरोबर महाराष्ट्र, गुजरात आणि आंध्र प्रदेशही आहेत. इंदूरच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला नको : मंदसौर, नीमच, रतलाम हे सरकारी परवान्याने अफू पिकवणारे जिल्हे त्यांच्या दारातच आहेत.

'ओपिऑइड' हा शब्द आपल्याकडे अजून रुळलेला नाही. अफू, तिच्यापासून निघणारे मॉर्फिन व कोडीन, मॉर्फिनपासून बनणारे हेरॉईन (ज्याच्या भेसळयुक्त रूपाला आपण ब्राऊन शुगर किंवा गर्द म्हणतो) आणि प्रयोगशाळेत तयार होणारी ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटॅनिल यांसारखी वेदनाशामके या सर्वांना मिळून हे नाव आहे. यांतली बरीचशी उत्तम औषधे आहेत. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिन नाकारणे हा क्रूरपणा आहे, आणि नशेच्या भीतीने तो आपल्याकडे सर्रास होतो. औषध आणि नशा यांतली रेषा पदार्थात नसते. कोण, किती, कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली घेतो यावर ती ठरते. ट्रॅमाडॉलचा गैरवापर वाढल्यामुळे एप्रिल २०१८ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणावे लागले.

मृत्यू कसा येतो

ओव्हरडोसने माणूस मरतो तो बहुतांशी श्वास थांबल्यामुळे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठातील केंद्र छातीला श्वास घेण्याचा हुकूम देते. ओपिऑइड हे केंद्र मंद करते. माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो, श्वास मिनिटाला दहा, आठ, सहा असा उतरत जातो. घशातून घरघर येते. ती घोरणे समजून घरचे लोक 'झोपू द्या त्याला' म्हणतात. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ व नखे निळसर पडतात, सावळ्या माणसाचे ओठ राखाडी दिसतात. हे सारे घडायला बरेचदा तास-दोन तास लागतात. म्हणजे वाचवायला वेळ असतो, आणि तो पुष्कळदा वाया जातो. सोबत दारू किंवा अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी घेतली असेल तर धोका कितीतरी वाढतो, कारण तीही श्वास मंदावतात.

आता मुख्य मुद्दा. रोज घेणाऱ्याचे शरीर त्या द्रव्याला सरावते. पहिल्या दिवशी ज्या मात्रेने तो बेशुद्ध पडला असता त्याच्या कितीतरी पट मात्रा वर्षभराने तो पचवतो. यालाच वैद्यकात सहनशीलता म्हणतात. द्रव्य बंद झाले की ही सहनशीलता काही दिवसांत उतरू लागते आणि काही आठवड्यांत बरीचशी जाते. तलफ मात्र जात नाही. तीन महिने केंद्रात राहून आलेला तरुण एखाद्या संध्याकाळी जुन्या मित्रांत बसतो आणि जुन्याच सवयीने जुनीच मात्रा घेतो. त्याच्या मनाला ती ओळखीची आहे, त्याच्या श्वासकेंद्राला ती नवीन आहे.

हा केवळ तर्क नाही. लंडनमधील संशोधकांनी २००३ मध्ये रुग्णालयात व्यसनमुक्तीसाठी राहिलेल्या १३७ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पुढील चार महिन्यांत ओव्हरडोसने तिघे दगावले. तिघेही उपचार यशस्वीरीत्या पूर्ण करून गेलेल्या ३७ जणांतले होते. जे मध्येच सोडून गेले त्यांच्यात असा एकही मृत्यू नव्हता. संख्या लहान आहे, पण दिशा पुढच्या अभ्यासांनी पक्की केली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या कैद्यांवरचा अभ्यास २००७ मध्ये आला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट निघाला.

याचा आपल्या घरांशी थेट संबंध आहे. मुलाचे व्यसन उघडकीस आले की आपली पद्धत ठरलेली असते. प्रथम मारहाण, मग शपथ, मग कुठल्यातरी लांबच्या गावच्या 'सेंटर'मध्ये रवानगी, परत आल्यावर घाईघाईने लग्न. यांत वाईट हेतू कोणाचाच नसतो. परंतु या क्रमातील सर्वांत धोक्याची जागा, म्हणजे सेंटरमधून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे, नेमकी तीच आपण निर्धास्तपणे घालवतो. 'सुटला एकदाचा' म्हणून घरातले सगळे निःश्वास सोडतात. रमजानच्या बाबतीतही हाच विचार करायला हवा. कित्येक तरुण त्या महिन्यात प्रामाणिकपणे सर्व सोडतात, आणि ही संधी मोठीच आहे. मात्र महिनाभराच्या खंडानंतर ईदच्या सुट्टीत कोणी पुन्हा जुन्या मात्रेला हात घातला तर शरीरशास्त्र त्याला सवलत देत नाही. ही गोष्ट जुम्म्याच्या बयानात दोन वाक्यांत सांगता येण्यासारखी आहे.

औषधाने व्यसनावर उपचार

ओपिऑइडच्या व्यसनावर आज जगात सर्वाधिक पुरावा असलेला उपचार म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे औषध दीर्घकाळ, ठरलेल्या मात्रेत देणे. ही दोन्ही स्वतः ओपिऑइड आहेत आणि इथेच आपल्याकडील बहुतेकांचे, सुशिक्षितांचेही, मन अडखळते. 'एक नशा सोडवायला दुसरी नशा' हा आक्षेप मी शिक्षकांच्या बैठकीत, डॉक्टरांच्या तोंडून आणि मशिदीच्या आवारातही ऐकला आहे. तो समजण्यासारखा आहे, पण चुकीचा आहे.

गर्द घेणाऱ्याच्या रक्तातील पातळी दिवसात तीन-चार वेळा शिखरावर जाते आणि तळाला येते. शिखरावर गुंगी, तळाला घाम, अंगदुखी, जुलाब, तळमळ आणि पैशांसाठी वणवण. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली एकदा ठेवले की पातळी चोवीस तास जवळपास सपाट राहते. शिखर नाही, तळही नाही. योग्य मात्रेवरचा माणूस गुंगीत नसतो. तो कामावर जातो, हिशेब करतो, नमाज पढतो. सहनशीलताही टिकून राहते आणि ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतील जागा घट्ट धरून बसत असल्याने वरून गर्द घेतली तरी तिचा असर बोथट होतो. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला निष्कर्ष असा : मेथाडोनवर असलेल्या दर हजार रुग्णांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होतात, उपचार सुटलेल्या हजारांमागे सुमारे ३६. फ्रान्सने १९९५ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मोकळीक दिली. १९९९ पर्यंत तेथील ओव्हरडोसचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने घटले.

आपल्या वाचकांच्या दृष्टीने मुस्लिम देशांतील दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. इराणमध्ये अफूची परंपरा जुनी आणि कायदा कडक. तरीही या शतकाच्या आरंभी इंजेक्शनवाटे एचआयव्ही पसरू लागल्यावर केरमानशाह येथे आलाई बंधू या दोन डॉक्टरांनी व्यसन, एचआयव्ही आणि गुप्तरोग यांवर एकाच छताखाली उपचार करणारे दवाखाने सुरू केले. जानेवारी २००५ मध्ये तेथील न्यायसंस्थेचे प्रमुख आयतुल्लाह शाहरुदी यांनी मेथाडोन व स्वच्छ सुयांच्या कार्यक्रमांत न्यायाधीशांनी अडथळा आणू नये असा आदेश काढला. धर्मशास्त्राच्या आसनावरून आलेला हा आदेश आहे, हे ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण मलेशियाचे. तेथे २००५ च्या अखेरीस मेथाडोनचा सरकारी प्रयोग सुरू झाला. रुग्णालयात यायला रुग्ण लाजत, म्हणून मलाया विद्यापीठातील व्यसनोपचार तज्ज्ञांनी २०१० मध्ये क्वालालंपूरमधील विद्यापीठाशेजारच्या अर-रहमान मशिदीतच मेथाडोन देण्याची व्यवस्था केली. माणूस मशिदीत येतो, औषध घेतो, जमातीबरोबर नमाज पढतो, दीनी तालीम घेतो. ज्या दाराने त्याला आत यायची लाज वाटत होती तेच दार उपचाराचे झाले. जीव राखणे हा शरीयतच्या पाच मूलभूत उद्देशांपैकी एक असल्याचे आपले उलेमा शिकवतात. त्या चौकटीत हा विषय मांडला तर आपल्याकडचे इमामसाहेब ऐकणार नाहीत असे मला वाटत नाही. फक्त मत देण्यापूर्वी त्यांनी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाशी बसून बोलावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. रोजे ठेवणाऱ्या रुग्णाची अडचणही सुटण्यासारखी असते. दिवसातून एकदाच घ्यावयाचे हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने इफ्तारनंतर घेता येते.

भारतात ब्युप्रेनॉर्फिन साध्या औषध दुकानात मिळत नाही, मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळते. इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची केंद्रे ते मोफत देतात, काही सरकारी रुग्णालयांतील व्यसनोपचार विभागही देतात. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण दवाखान्यांचे वेगळे जाळे उभे केले. तेवढी सोय इतरत्र झालेली नाही, ही वस्तुस्थिती आहे.

नॅलोक्सोन

ओव्हरडोसवर उतारा आहे. नॅलोक्सोन हे औषध ओपिऑइडला मेंदूतील त्याच्या जागेवरून ढकलून देते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. शरीरात ओपिऑइड नसेल तर त्याचा काहीही परिणाम होत नाही, म्हणजे निदान चुकले तरी अपाय नाही. पण त्याचा असर अर्धा ते दीड तासच टिकतो. आतले द्रव्य त्याहून चिवट असेल तर माणूस पुन्हा बुडतो. म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयात नेलेच पाहिजे.

हे औषध सामान्य लोकांच्या हाती द्यावे ही कल्पना शिकागोतील व्यसनी लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने १९९६ मध्ये अमलात आणली. पुढे उत्तर कॅरोलायनातील विल्क्स या डोंगराळ काउंटीत फ्रेड ब्रेसन या रुग्णसेवेतील धर्मोपदेशकाने 'प्रोजेक्ट लाझरस' उभारला. डॉक्टर, शाळा, चर्च, पोलीस आणि औषध विक्रेते अशा सर्वांना एकत्र बसवून वेदनाशामके किती लिहावीत, घरी कुठे ठेवावीत, उरलेली कुठे परत करावीत हे ठरवले आणि २०१० पासून नॅलोक्सोन वाटले. २००९ मध्ये तेथे लाखामागे ४६.६ असलेले ओव्हरडोसचे मृत्यू २०१० मध्ये २९ वर आले. काउंटी लहान आहे, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावर फार भार टाकू नये. शिवाय श्रेय एकट्या नॅलोक्सोनचे नाही. मला तर एकत्र बसण्याचा वाटा अधिक वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ओव्हरडोस पाहण्याची शक्यता असलेल्या कोणालाही, म्हणजे मित्र व कुटुंबीयांनाही, नॅलोक्सोन उपलब्ध असावे अशी शिफारस केली. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये नाकात मारायच्या फवाऱ्याला चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली. त्या देशात २०२३ मध्ये सर्व मादक द्रव्यांच्या ओव्हरडोसने सुमारे १ लाख ५ हजार लोक मेले, २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ८० हजारांवर आला. घट कशाने झाली यावर तेथे वाद चालू आहे, पण नॅलोक्सोनचा प्रसार हे एक कारण बहुतेक जण मानतात.

आपल्याकडे नॅलोक्सोन राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयातील इंजेक्शन आहे. त्यामुळे शिक्षकाने करण्यासारखे पहिले काम अगदी साधे आहे : महाविद्यालयाजवळच्या दोन-तीन रुग्णालयांच्या अपघात विभागांत जाऊन नॅलोक्सोन शिल्लक आहे का, रात्री असते का, हे विचारणे. ज्या ठिकाणी 'नाही' असे उत्तर येईल तेथे मागणीचे पत्र द्यावे. उत्तर आधी ठाऊक असले म्हणजे ऐनवेळी रिक्षा कोणत्या दिशेला वळवायची याचा खल करावा लागत नाही.

नॅलोक्सोन हाताशी नसले तरी श्वास हाताशी असतो. हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या सांध्यांनी जोरात चोळूनही माणूस प्रतिसाद देत नसेल तर १०८ ला फोन करावा. मान मागे झुकवून, नाक दाबून, तोंडाने दर पाच सेकंदांनी एक श्वास द्यावा. ओव्हरडोसमध्ये प्रथम श्वास जातो, हृदय मागाहून, म्हणून हे श्वास जीव वाचवतात. नाडी लागत नसेल तर छातीवर दाब द्यावा. स्वतःचा श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवावे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. थंड पाणी ओतणे, मिठाचे पाणी किंवा दूध पाजणे, लिंबू चोखवणे, धरून चालवणे यांत फक्त मोलाची मिनिटे जातात. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालणे घातक आहे. ट्रॅमाडॉल जास्त झाल्यास झटकेही येतात. तेव्हा हातपाय दाबून धरू नयेत.

सोबतचे मित्र पळून का जातात? पोलिसांच्या भीतीने. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ओव्हरडोससाठी मदत मागणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. आपल्याकडे असे संरक्षण रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याने मिळाले, ओव्हरडोसला ते लागू नाही. मात्र एनडीपीएस कायद्याचे कलम ६४अ विद्यार्थ्यांना जरूर सांगावे : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ इच्छित असेल आणि तो पूर्ण करील तर त्याला खटल्यापासून मुभा मिळते.

जवळची दारे

उपचाराची ठिकाणे आपल्या बहुतेक शहरांत आहेत, पण मनोरुग्णालयाच्या नावाखाली असल्याने कोणी तिकडे फिरकत नाही. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था, हैदराबादेत एर्रागड्डाचे मानसिक आरोग्य रुग्णालय, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्यात कारेलीबाग व इंदुरात बाणगंगा येथील मनोरुग्णालय ही सरकारी ठिकाणे आहेत. बेळगावकरांना जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळची. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून सुरू झालेली 'टेलिमानस' १४४१६ वर अनेक भारतीय भाषांत बोलते. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये, गर्दची साथ ऐन भरात असताना, सुरू केलेले 'मुक्तांगण' मराठी वाचकांना ठाऊक आहेच. रुग्णांच्या पत्नींसाठी त्यांनी चालवलेला 'सहचरी' गट हा आपल्या मोहल्ल्यांनी उचलण्यासारखा नमुना आहे, कारण घरातली बाई हीच बहुधा ओव्हरडोसची पहिली साक्षीदार असते आणि तिला कोणी काही शिकवलेले नसते.

खाजगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था हा मानसिक आजार आहे, आणि साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. केंद्राची नोंदणी आहे का, डॉक्टर प्रत्यक्ष येतात का, घरच्यांना भेटू देतात का आणि घरी सोडल्यानंतर पुढे काय, हे चार प्रश्न विचारावेत. चौथ्याचे उत्तर गोलमाल आले तर तेथे मुलाला ठेवू नये.

महाविद्यालयात शिक्षकाची भूमिका तपासनिसाची नसावी. कवटीचे चित्र लावून दिलेल्या व्याख्यानाने कोणी सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. ज्याला मदत हवी आहे तो मुलगा मात्र त्या दिवशी मागच्या बाकावर अधिकच गप्प बसतो. एनएसएसच्या प्रथमोपचार वर्गात तोंडाने श्वास देणे शिकवणे, हेल्पलाइनचे आकडे फलकावर कायम ठेवणे, कॉलेजजवळच्या औषध विक्रेत्याशी चिठ्ठीविना कॅप्सूल देण्याबद्दल शांतपणे बोलणे, ही कामे अधिक उपयोगाची. जमातीच्या जकात निधीतून गरीब रुग्णाचा प्रवासखर्च निघू शकतो का, याचाही विचार स्थानिक समितीने उलेमांना विचारून करावा. उपचाराचे औषध मोफत असले तरी रोज केंद्रापर्यंत जायचे भाडे मोफत नसते, आणि पुष्कळ रुग्ण त्याच कारणाने गळतात.

उपचार घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत एक छोटी प्रशासकीय बाब राहते. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी बहुतेक केंद्रांत सुरुवातीला कर्मचाऱ्यांसमोर घ्यावी लागते आणि ती सकाळच्या वेळेत मिळते. नेमके त्याच वेळी पहिले तास असतात. हजेरीच्या टक्केवारीसाठी मुलगा गोळी चुकवतो, दोन दिवसांनी तलफ येते, आणि पुढचे आपण वर पाहिले. प्राचार्यांनी कारण न लिहिता त्या तासांची सवलत दिली आणि ती माहिती एका शिक्षकापुरती ठेवली, तर त्या मुलाचा पहिला महिना निभावतो.